गोड्याखाली खारं

नूका, बेरू बेट
ता. ६ जून १९९९

चि. अकोइना हिला आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

लिहिणारा शेजारचा बिरिबो, सांगणारी मी. त्याला पत्रामागे तंबाखूची एक कांडी द्यावी लागते, म्हणून सगळं एकदमच सांगून टाकते. मध्ये कुठे अक्षर वाकडं झालं, तर समज की तिथे त्याला माझं बोलणं पटलेलं नाही. तरी लिहील. कांडी आधीच खिशात टाकली आहे.

चौदा महिने झाले, पाऊस नाही. ढग येतात, बेटाकडे बघतात आणि चूल पेटलेली नाही हे कळलेल्या पाहुण्यांसारखे पुढे निघून जातात. नारळ मुठीएवढे धरलेत. नीरफणस कोवळाच गळतो. माझे गुडघे ठीक आहेत, दात होते तेवढेच आहेत. तुझे आईबाप नाऊरूहून खुशाली कळवतात.

मला काळजी आहे ती तुझ्या बबाईची, त्या पाण्यात वाढणाऱ्या थोरल्या अळवाची. तू नऊ वर्षांची होतीस, शाळेत पहिली आलीस, त्या आठवड्यात मी ती खड्ड्यात लावली. बारा वर्षं तिच्याभोवतीच्या टोपलीत पाला आणि माती भरते आहे. पाला कुठल्या झाडांचा ते सांगणार नाही, बिरिबोची लेखणी आत्ताच कान टवकारून बसली आहे. डिसेंबरात तुझ्या लग्नाला ओनोतोआहून तेबाऊची माणसं होडी भरून येतील. त्यांच्या डोळ्यांदेखत तो कंद दोन गड्यांच्या खांद्यावरून मानेआबात आला पाहिजे. सगळा गाव त्या छपराखाली बसलेला असेल. नवरीच्या आजीने बबाई आणली नाही, दुकानातला भात आणला, असं ऐकायला मला जगायचं नाही.

आता खरं दुखतं ते. परवा तुझ्या आईच्या आईच्या, म्हणजे आमच्या विहीणबाई ताबियांच्या खड्ड्यावरून गेले. सहज गेले. (बिरिबो, ‘सहज’ असंच लिही.) पानं बघशील तर शिडाएवढी! खाली पाणी गुडघाभर. माझ्या खड्ड्यात पाऊलही भिजत नाही. ही बाई चाळीस वर्षं तारावात शाळामास्तरीण होती, इथे परत आली तेव्हा टोपली कुठून विणायला घ्यायची हे तिला मी दाखवलं! आणि आता तिच्याकडे पाणी.

आणखी एक. ती ओट्यावर बसून तुझं पत्र वाचत होती. स्वतः, एकटी. मध्येच हसली. काय लिहिलं होतंस तिला एवढं हसण्यासारखं? माझं पत्र आधी बिरिबो वाचतो, मग त्याची बायको ऐकते, मग कोंबड्या, मग मी.

तेव्हा ठरवलं आहे. तिचा खड्डा छातीएवढा, माझा त्याहून दोन हात खोल करायचा. उद्यापासून बिरिबो फावडं घेतो. जो हात लिहितो तोच खणतो, गावात दुसरा रिकामा हात नाही. खाली पाणी असणारच, बेटाला चारी बाजूंनी दुसरं आहे काय? तू तिथे पाणी, वजन असलं काहीबाही शिकतेस म्हणे. त्यात काही उपयोगाचं असेल तर कळव.

लोभ आहे तो तसाच ठेव, आणि कधी वाटणी करायची झालीच, तर मोठा वाटा मला.

तुझी आजी,
नेई टेकारेई (अंगठा)


बिकेनिबेऊ, तारावा
ता. १५ जून १९९९

ती. आजीच्या चरणी अकोइनाचा शि. सा. न.

आजी, सगळ्यात आधी: खणू नकोस. बिरिबोकाका, हे वाक्य दोनदा वाचा आणि फावडं लपवून ठेवा.

कारण सांगते. आपल्या बेटाखाली गोडं पाणी आहे ते खाऱ्यावर तरंगत आहे. तू एक करवंटी विहिरीचं पाणी घे आणि तेवढीच भरून समुद्राचं. माप एकच, पण तोलून पाहिलंस तर समुद्राची करवंटी जड भरेल. आम्हाला शिकवतात की जगातली प्रत्येक वस्तू बारीक कणांची झालेली आहे, इतक्या बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना अणू म्हणतात. पाण्याच्या कणांमध्ये मिठाचे कण दाटीने शिरून बसतात. जागा जवळपास तेवढीच, वजन मात्र जास्त. जड असतं ते खाली राहतं, हलकं वर.

पाऊस वाळूतून मुरतो आणि त्या खाऱ्या पाण्यावर होडीसारखा बसतो. भरलेली होडी थोडीशी वर दिसते आणि बाकीची पाण्याखाली असते की नाही? तसंच. गोडं पाणी समुद्राच्या पातळीपेक्षा एक बोट वर असेल, तर ढोबळ हिशेबाने खाली चाळीस बोटं असतं. पण हाच हिशेब उलटा चालतो. दुष्काळात वरचं एक बोट आटलं, की खालून खारं चाळीस बोटं वर सरकतं. आणि वरून आपण खणायला लागलो, पाणी उपसायला लागलो, तर ते आणखीच वर येतं. म्हणजे तू पाण्याकडे जात नाहीस, खारं तुझ्याकडे येतं.

ताबियाआजींचा खड्डा बेटाच्या मध्यावर आहे, तिथे या होडीचं पोट आहे. तुझा खड्डा बाहेरच्या समुद्राकडे, तिथे तिची कड. त्यात त्यांचं कर्तृत्व काही नाही गं, जागाच तशी.

पटत नसेल तर काचेच्या बरणीत अर्धं समुद्राचं पाणी घे. त्यावर गार चहा अगदी सावकाश, पानावरून ओघळत सोड. मग काय होतं ते बघ आणि मला कळव.

आईबाबा नोव्हेंबरच्या जहाजाने येतील. तेबाऊचा नमस्कार. तो बबाईबद्दल ऐकून ऐकून घाबरला आहे, म्हणतो की कंद माझ्यापेक्षा वजनदार निघाला तर मी काय करू.

माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, पण खणू नकोस.

तुझीच,
अकोइना


नूका, बेरू
ता. २७ जून १९९९

चि. अकोइनाला आशीर्वाद. या वेळी अर्धेच, कारण पुढे वाचशील.

विमान एका खेपेला आलंच नाही, पुढच्या खेपेला आलं ते पोस्टाची थैली विसरून आलं. तुझं पत्र हातात पडलं तेव्हा बिरिबोने फावडं धुऊन ठेवलं होतं. दोन हात म्हटलं होतं, तीन हात खणलं.

पहिल्या दिवशी पाणी असं उसळून आलं म्हणतेस! मांडीपर्यंत. मी मानेआबात जाऊन चार बायकांत बसले आणि विषय नसताना विषय काढला. माझ्या खड्ड्यात भरतीबरोबर पाणी चढतं, ओहोटीबरोबर उतरतं, खड्ड्यालाच जीव आलाय, असं सांगितलं. ताबिया तिथेच चटई विणत होती. तिने मान वर केली नाही. मला वाटलं, जळली.

आठव्या दिवशी पाणी जिभेला लावलं. अकोइना, तुला काय सांगू. मीठ न टाकता मासे उकडता येतील असं पाणी. आता तुझ्या बबाईच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्यात आणि रोज एक बोट पिवळं आत सरकतं. गावाला मी थाप मारलीय की खड्ड्यात बिनटोपीची माणसं आली तर माझं डोकं दुखतं, म्हणून कुणी येऊ नये. बिरिबोच्या तोंडाला दोन जादा कांड्या लावल्या आहेत.

तुझा चहाचा प्रयोग केला. चहा सरळ बुडाला! तळाशी जाऊन बसला, आणि मी तशीच उठून बिरिबोला म्हटलं की बघ, पोरीला तारावात खोटं शिकवतात. मग त्याच्या बायकोने कबूल केलं की चहा नेहमीसारखा केला होता, पेल्याला पाच चमचे साखर. बिनसाखरेचा चहा पितं कोण, हे तू लिहायला हवं होतंस. म्हणजे साखरेचे कणही मिठासारखेच घुसून बसतात तर. दुसऱ्यांदा बिनसाखरेचा सोडला. खाली निर्मळ पाणी, वर तांबडा चहा, मध्ये रेघ. मी बोट घालून ढवळलं नाही तोवर तसाच राहिला. मग ढवळलं, आणि माझा खड्डा मला बरणीत दिसला.

आता रागाचं. बिरिबोची बायको सांगते की हे गोडं-खारं तू ताबियाला मे महिन्यातच लिहिलं होतंस. मे महिन्यात! मी खणायच्या आधी. तू मला नाही लिहिलंस, तिला लिहिलंस. का? मी वाचू शकत नाही म्हणून मला समजणारही नाही, असं वाटलं?

आणि तिला माहीत होतं. खणणं सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती खड्ड्याच्या काठावर आली, म्हणाली टेकारेई, जरा ऐक. मला वाटलं, माझं पाणी बघवत नाही म्हणून आली. मी तिच्याकडे पाठ फिरवली आणि बिरिबोला म्हटलं, आणखी एक हात. तिसरा हात तो.

तिच्याकडे मागायला मला सांगू नकोस. आपल्यात बुबुसी केली, म्हणजे तोंड उघडून मागितलं, की समोरच्याला नाही म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. ती देईल. आणि मग मागणारीचं नाव गाव पुढच्या दुष्काळापर्यंत चघळेल. मी सत्तर वर्षांत नवऱ्याशिवाय कुणाकडे काही मागितलं नाही, आणि त्यानेही दिलं नाही.

तुझे अणू खरे असतील. मला एवढंच सांग, कणांच्या मध्ये मोकळी जागा असते असं बिरिबोला कुणीतरी सांगितलंय. विहीणबाईंच्या डोक्यात ती किती असेल?

लोभ ठेवायचा तर ठेव. वाटणीचं मागच्या पत्रात सांगितलं आहेच.

नेई टेकारेई (अंगठा)


नूका, बेरू
ता. २८ जून १९९९

चि. अकोइना हिस, ताबियाआजीचे अनेक आशीर्वाद व कुशल.

टेकारेईचं पत्र याच विमानाने येईल. त्यात माझ्याबद्दल जे असेल, त्यातलं बरंचसं खरं आहे. पण एक तिला ठाऊक नाही, ते मी लिहिते. शाळेत मी मुलांना सांगत असे की चूक केली तर आपणच वहीत लिहावी, दुसऱ्याने सांगायची वाट बघू नये.

पहिल्या दिवशी सकाळीच मला फावड्याचा आवाज आला. तुझं मेमधलं पत्र माझ्याकडे होतं. मला कळत होतं की खाली काय आहे. मी ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही बसून राहिले. गुडघे दुखत नव्हते, काम नव्हतं, रस्ता शंभर पावलांचा. मी गेले ती तिसऱ्या दिवशी. तोवर दोन हात खणून झालं होतं. तिने पाठ फिरवली तेव्हा मला बरंच वाटलं, कारण मग माझं सांगायचं राहिलं ते तिच्यामुळे, असं म्हणता आलं.

का बसून राहिले ते विचारशील. ज्या पत्रावर मी हसले, ते तिने पाहिलं. त्या पत्रात तू लहानपणची गोष्ट लिहिली होतीस, की तू खड्ड्यात पडू नयेस म्हणून टेकारेई तुला केवड्याच्या झाडाला बांधून ठेवायची आणि तू दोर चावून सुटायचीस. मी हसले खरी. पण ते पत्र मला आलेलं होतं, बाळ. त्यात माझं नाव दोनदा आहे आणि तिचं चौदा वेळा. मी मोजलं. नुसतं ‘आजी’ म्हटलं की ती, आणि माझ्यासाठी ‘आजी’आधी नाव लावावं लागतं. तू लहान होतीस तेव्हा मी तारावात दुसऱ्यांच्या मुलांना पाढे शिकवत होते, तेव्हा तक्रार करायची मला जागा नाही. तरी मोजलं.

मला ती बबाई मरायला नको होती. फक्त तिच्या पाण्याची बढाई खारट व्हावी, एवढंच वाटलं होतं. खारं पाणी एवढं-तेवढं बघत नाही.

आता काय करता येईल ते शास्त्रात असेल तर कळव. मी करीन.

तुझी,
नेई ताबिया


बिकेनिबेऊ, तारावा
ता. ६ जुलै १९९९

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी, चूक माझी. ताबियाआजींनी पत्रात विचारलं होतं की काय शिकतेस, म्हणून त्यांना लिहिलं. तू विचारलं नव्हतंस, म्हणून तुला खुशाली लिहिली. तुला समजणार नाही असं माझ्या मनातही आलं नाही. पाण्याची भरती-ओहोटी खड्ड्यात दिसते हे तू स्वतः ओळखलंस, आमच्या वर्गात सरांना ते मला फळ्यावर काढून दाखवावं लागलं. साखरेचं तर ऐकून त्यांनी दोनदा टाळी वाजवली.

नव्याने खणलेला भाग आजच वाळू आणि गोट्यांनी बुजवून टाक आणि पाणी उपसू नकोस. पण खारं मागे हटायला चांगला पाऊस लागेल, एक-दोन पावसाळेही लागतील. बबाई तेवढी थांबणार नाही. तिला टोपलीसकट, मुळांच्या मातीसकट उचलून गोड्या पाण्यात हलवलं, तरच वाचेल, आणि तेही या महिन्यात.

गोडं पाणी कुठे आहे ते तुला माहीत आहे. मागायला मी सांगत नाही. लग्नात भात असला तरी मी तुझीच नात असेन.

ताबियाआजींनाही मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात काय आहे ते त्यांनाच विचार.

पायावर डोकं ठेवते.
अकोइना


नूका, बेरू
ता. १ ऑगस्ट १९९९

चि. अकोइना हिला आजीचे पूर्ण आशीर्वाद, मागचे राहिलेले अर्धेही यात धर.

अक्षर ओळखलंस का? बिरिबो खोबरं घेऊन जहाजावर गेला आहे. तेव्हा लिहिणारी विहीणबाई, सांगणारी मी. तिला तंबाखू लागत नाही, पण प्रत्येक वाक्यानंतर ती माझं बोलणं सुधारू बघते. मी बजावलं आहे की सांगेन तसंच लिहायचं, मग तिला लागलं तरी.

ऐक. तुझं पत्र आलं त्या रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे मानेआबात बसले होते. मी भरल्या तोंडाने भात खात होते आणि मनात म्हणत होते, मेले तरी मागणार नाही. तेवढ्यात ताबिया उठली. मधोमध येऊन बसली, माझ्यासमोर, सगळ्यांदेखत. म्हणाली, टेकारेई, मी तुझ्याकडे बुबुसी करते. नातीच्या लग्नाला न्यावी एवढी जुनी बबाई माझ्या खड्ड्यात एकही नाही. तुझी ती मोठी मला दे. माझ्या खड्ड्यात नेऊन लावते. पण तिची टोपली भरायची विद्या मला नाही, तर भरायला तूच येत जा.

ही मास्तरीण, जिने आयुष्यात शेजारणीकडे काडी मागितली नाही! मी घास गिळला. नाही म्हणायची रीत नाही, तर दिली. मागचे म्हातारे कुजबुजले की बघा, शिकलेली असून पदरी बबाई नाही. ती खाली मान घालून ऐकत राहिली. माझ्या खाऱ्या खड्ड्याबद्दल आजतागायत कुणी विचारलं नाही.

घरी आले आणि मला एवढा राग आला म्हणून सांगू! मागण्यातही तीच पुढे. मी सत्तर वर्षं न मागितल्याची मिजास करत होते, आणि हिने एका मागण्यात ती फुकट घालवली.

आठ गडी लागले. टोपलीसकट केवड्याच्या चटईवर घेतली, चटई वाशाला बांधली, आणि गावातून अशी नेली की नवरीच जणू. दोन पानं वाटेत मोडली. कापून टाकली. मग दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी मधून एक नवी सुरळी आली, हिरवी, कड पिवळी नाही. कालपर्यंत वीतभर झाली. डिसेंबरात कंद निघेल. तेबाऊला सांग, खांदे तयार ठेव.

दर तिसऱ्या दिवशी मी पाला घेऊन जाते, लुगड्यात झाकून. भरायला लागले की विहीणबाई न सांगता समुद्राकडे तोंड करून उभ्या राहतात, माझं उरकेपर्यंत. पाल्याची नावं अजूनही कुणाला कळलेली नाहीत. लिहिणारीने मान वर करू नये.

तिने मला दोन दिवसांचं सांगितलं. ओट्यावर बसून राहिल्याचं. काल दुपारी तुझं जुनं पत्र वाचून दाखवताना मध्येच थांबली आणि सांगून टाकलं. चौदा वेळांचंही सांगितलं. मी म्हटलं, खड्डा तुझा असता आणि ओट्यावर मी असते, तर मी नाताळपर्यंत बसले असते. ती रडत होती ती हसायला लागली. पण ते चौदा मी दोनदा मोजून घेतले.

आता एक भांडण उरलं आहे, ते तू मिटव. एका बरणीतल्या आम्ही दोघी, तर खाली खारं कोण आणि वर गोडं कोण? विहीणबाईंचं म्हणणं, पुस्तकं वाचून त्या हलक्या झाल्या, म्हणून वरच्या. मी म्हटलं, राहा वर, पण तरंगायला खाली कुणीतरी जड लागतं. त्यावर तिने लेखणी ठेवली आणि शहाळं आणायला गेली. दोन आणली. तू एवढंच बघ, डिसेंबरात आलीस की ढवळू नकोस.

लोभ आहे तो तसाच ठेव, आणि वाटणी करायची झालीच, तर मोठा वाटा मला.

तुझी आजी,
नेई टेकारेई (अंगठा)

ता. क. शेवटच्या ओळीत खाडाखोड दिसेल. टेकारेईने आधी ‘दोघींना सारखा’ असं सांगितलं, मी ते लिहिलं. मग जरा वेळाने खोडायला लावलं. मी खोडलं आहे, पण वाचता येईल असं. — ताबिया